अडलेला फॉर्म

वस्तीला बाग मंजूर व्हायची तर आधी माणसं मोजावी लागतात, म्हणून मी घरोघरी फॉर्म भरत होते. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजोबांनी मात्र मला जेरीस आणलं. पहिल्यांदा म्हणाले घरात पाच माणसं, फेरतपासणीला गेले तर तीन, मग एकदम सात! आकडा जुळला नाही की ऑफिसातून फॉर्म परत, आणि मी पुन्हा त्यांच्या दारात. चहा मात्र दर वेळी तयार.

चौथ्या खेपेला माझा पारा चढला.

"आजोबा, थट्टा पुरे झाली. सगळ्यांचे फॉर्म पक्के झालेत, तुमच्या एकट्यामुळे अख्ख्या गल्लीची बाग अडलीय. पोरं रस्त्यात खेळतायत, दिसत नाही का?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. हॉर्न वाजला तशी पोरं चेंडू उचलून भिंतीला चिकटून उभी राहिली.

"फॉर्म पक्का झाला की तुझ्या खेपा संपल्या?"

"संपल्या. सुटले एकदाची!"

आजोबा उठले. माझा कप त्यांनी विसळला, पुसून फळीवर अगदी मागे ठेवला आणि परत येऊन बसले.

 

"मग लिही पोरी. घरात माणूस एकच."