माहेरचं रक्त

"दुधातलं एक अमिनो अ‍ॅसिड बाळाला पचत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून ते रक्तात साठलंय, लघवीतही उतरलंय."

शेवंताबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. "तरी म्हटलं! आमच्या सात पिढ्यांत असलं रक्त नाही. हे हिच्या माहेरचं!"

सारिका मान खाली घालून मांडीवरच्या लेकीला थोपटत राहिली.

"हा दोष आई-बाप दोघांकडून यावा लागतो, आजी. नवरा-बायको नात्यातले आहेत का?"

"मामाचीच मुलगी केलीय त्याला," शेवंताबाई ताठ बसून म्हणाल्या. "माझ्या सख्ख्या भावाची. खानदानी घर हातचं कशाला सोडायचं?"

"म्हणजे सुनेचं माहेर तेच तुमचं माहेर."

सारिकानं हळूच मान वर केली. शेवंताबाईंनी पदर सावरला, पंख्याकडे पाहिलं, घसा खाकरला. मग पडेल आवाजात विचारलं, "पोर... वाचंल ना?"

"वाचेल काय, छान वाढेल. फक्त खास दूध पावडर आजच सुरू करा, आणि पुढंही खाणं जपा."

दाराबाहेर थांबलेली शेवंताबाईंची लेक लगबगीनं पुढं आली. "आई, कुणाकडून आलं म्हणाल्या?"

"कुणाकडून का येईना!" शेवंताबाई कडाडल्या. "आधी ते दूध कुठं मिळतं ते बघ!"