निळ्यांची बाजू

“पहिलं बटण पिवळ्यांचं,” ताईने पत्र्याची डबी हलवत म्हटलं. “काय बघून त्यांचं नाव घेतलं होतंस, ते तरी सांग.”

चष्मेवाल्याने हातातली जाड काच खिडकीकडे धरली. काचेत समोरची गल्ली उलटी लटकत होती. सकाळचं ऊन मांडलेल्या चष्म्यांतून गाळून येत होतं आणि भिंतीवर कवडसे तरंगत होते.

“मनात आलं,” तो म्हणाला.

“त्यांचा गोलकीपर तापाने फणफणला होता म्हणे.”

“हो. आणि बदली आलेल्याने दोन पेनल्टी अडवल्या.”

त्याने काच पुन्हा पुसायला घेतली. ती आधीच लख्ख होती.

वरच्या मजल्यावर ट्रंक ओढल्याचा आवाज झाला. दोघांनी एकदमच छताकडे पाहिलं. वर धाकटा भाऊ राहायचा, घड्याळं दुरुस्त करायचा. आज दुपारी तो कायमचा लेकीकडे निघणार होता.

दोघा भावांच्या मध्ये एक लाकडी जिना होता आणि कित्येक वर्षांचा अबोला. भांडण कशावरून झालं, हे दोघांना विचारलं असतं तर दोघांनी वेगवेगळं सांगितलं असतं. ताई दोघांहून थोरली. ती बाजूच्या गल्लीत शिवणकाम करायची आणि मशीनच्या सुईसारखी या दोघांत वर-खाली करायची. सुईने निदान दोन कापडं तरी जोडली जातात, असं ती चिडून म्हणायची.

फुटबॉल तेवढा दोघांचा अजून एक होता. युरोपातल्या क्लबांचे सामने लागले की खालच्या आणि वरच्या टीव्हीसमोरून एकाच क्षणी आरोळी उठायची, आणि मग दोघेही ओशाळून गप्प व्हायचे. दोघांना त्यातलं कळायचंही भरपूर. चष्म्याचा नंबर काढायला आलेली माणसं सामन्याचा अंदाज घेऊन जायची.

म्हणून बाद फेऱ्या सुरू व्हायच्या आधी ताईने शर्त घातली. उपांत्यपूर्व फेरीपासून प्रत्येक सामन्याआधी दोघांनी आपापला अंदाज तिच्या कानात सांगायचा. बरोबर आला की त्याच्या डबीत एक बटण. शेवटी ज्याची बटणं कमी, त्याने दुसऱ्याच्या दारी जायचं आणि आधी बोलायचं. दोघेही एक नंबरचे हट्टी, पण कबूल झाले. ताईला क्लबांची नावं पाठ होईनात, तेव्हा ती जर्सीच्या रंगांवर काम भागवायची.

“मग निळे, मग हिरवे,” तिने बटणं काउंटरवर मांडली. “सगळे मरतुकडे. आणि सगळे जिंकले! पांढऱ्यांनी तेवढं तुला दोनदा पाडलं. उपांत्यपूर्वमध्ये एकदा आणि उपांत्य सामन्यात परत.”

“पांढरे चांगलेच आहेत.”

“दोन्ही दिवशी मी जेवायला वाढलं तेव्हा तू गुणगुणत होतास. म्हटलं, बिचारा दुःख लपवतोय.”

चष्मेवाल्याला उपांत्य फेरीतला निळ्यांचा सामना आठवत होता. मैदानावर धुकं उतरलं होतं. खेळाडू त्यात शिरायचे, विरघळायचे, भलतीकडूनच बाहेर यायचे. तो समोर बसून सगळं पाहत होता, आणि स्वप्नात धावायला जावं अन् पाय उचलूच नयेत, तसं त्याला झालं होतं. धुकं विरलं तेव्हा निळे अंतिम सामन्यात पोचले होते.

“आणि काल पुन्हा निळेच?” ताई म्हणाली. “त्यांचा कर्णधार लंगडत होता, एकाला लाल कार्ड मिळून तो घरी बसलेला. समोर तुझे ते चांगले पांढरे. मलासुद्धा कळलं असतं रे!”

“शेवटच्या मिनिटाला गोल झाला,” तो हळूच म्हणाला. “कुणाच्या तरी खांद्याला लागला चेंडू. वाट विचारत विचारत गेल्यासारखा जाळीत गेला.”

ताईने दुसरी डबी उघडून शेजारी ओतली. दोन्ही ढीग सारखेच होते. वर धाकट्यासमोर मोजले होते, तरी तिने पुन्हा मोजून पाहिले आणि स्टुलावर बसूनच घेतलं.

“बरोबरी,” ती म्हणाली. “आता कुणीच कुणाकडे जायला नको. बरोबरी झाली तर काय, हे मी ठरवलंच नव्हतं. तुमच्या पेनल्टीसारखं काहीतरी ठेवायला हवं होतं. सुटलास तू.” तिने पदराने डोळे टिपले. “मला वाटलं होतं, निदान निघताना तरी बोलाल.”

वर आता काहीच आवाज नव्हता.

“काल त्याने कोण सांगितलं होतं?” चष्मेवाल्याने विचारलं.

“निळेच. सगळी नावं तुझीच रे, पहिल्यापासून. पांढऱ्यांचं तेवढं त्याचंही दोनदा चुकलं. आत्ता वर जाऊन त्यालाही हेच सांगून आले. तोही असाच बघत बसला माझ्याकडे.”

चष्मेवाल्याने काच खाली ठेवली. बराच वेळ तो दोन्ही ढिगांकडे पाहत राहिला. मग काउंटरखाली वाकून त्याने आपले ठेवणीतले बूट बाहेर काढले. त्यांना चकचकीत पॉलिश होतं, आणि पॉलिशवर धुळीचा पातळ थर.

“हे पॉलिश कधी केलंस?” ताईने विचारलं.

“पिवळ्यांच्या सामन्याआधी.”

त्याने धूळ बाहीने पुसली, बूट चढवले आणि जिन्याकडचं दार उघडलं. शेवटच्या पायरीवर धाकटा बसला होता. त्याचेही बूट चकचकीत होते. त्याने वर पाहिलं.

“दादा,” तो रागाने म्हणाला, “तुला तरी हरायला काय झालं होतं?”