दाराला लावलेली खुर्ची

बॅग गाडीत चढली तरी धाकटी बाबांशी एक शब्द बोलली नव्हती. वृद्धाश्रमाचा ड्रायव्हर दार उघडून उभा होता. बाबा लंगडा पाय ओढत पायरी उतरले आणि थांबले.

"चिमूच्या खोलीची कडी आतून नीट लागते ना?"

"बिघडलीये. खुर्ची लावून झोपते ती. आता त्याचीही गरज पडणार नाही."

"आजच सुतार बोलाव. विसरू नकोस."

चोर तो चोर, वर शिरजोर, असं धाकटीच्या मनात आलं. गाडीचं दार तिने स्वतःच्या हाताने लावलं. गाडी वळली तेव्हा बाबा मागे वळून तिच्याकडेच बघत होते. तिला वाईट वाटलं, पण मन घट्ट करून ती ऑफिसला निघाली.

दोन महिन्यांपासून तिची लेक चिमू एकच तक्रार करत होती. "आई, रात्री कोणीतरी माझ्या दाराशी येतं. दार खरवडतं. मग आजोबा हळूच काहीतरी बोलतात."

कोणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. नवरा जहाजावर नोकरीला, महिनोन्महिने घराबाहेर. राहिले बाबा. ते रात्र रात्र जागायचे, पॅसेजमध्ये धाकटीच्याच खोलीसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि दिवसभर पेंगायचे. विचारलं तर म्हणायचे, "बसतो जरा. तू झोप." धाकटी झोपायची, पण सकाळी उठताना अंग असं आंबलेलं असायचं, जसं काही रात्रभर दळण दळलंय.

मागच्या आठवड्यात चादर बदलताना बाबांच्या उशीखाली स्वयंपाकघरातली कात्री सापडली.

"राहू दे, माझ्याकडेच बरी आहे ती," बाबा म्हणाले होते.

तरीही म्हातारपणाचे चाळे म्हणून तिने काणाडोळा केला असता. डोळे उघडले ते दादाच्या गेमने.

दादाने तरुणपणी भीतीचा एक गेम केला होता. अंधाऱ्या घरात एक मुलगा खोलीत अडकलेला आणि बाहेर "ते" फिरतंय. आधी जड पावलं येतात, मग दार खरवडल्याचा आवाज, मग गुरगुर. दार उघडलं की खेळ खलास. श्वास रोखून थांबलं, तर शेवटी पाय फरफटल्याचा आवाज येतो, एक खोल हुंकार येतो आणि "ते" निघून जातं. त्या काळात कितीतरी पोरांची झोप या गेमने उडवली होती. आता दादा या जगात नव्हता आणि धाकटीची कंपनी तो गेम नव्या कन्सोलवर, गेम खेळायच्या नव्या यंत्रावर, आणत होती. ते काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं.

पहिल्यांदा हेडफोनवर तो फरफटणारा पाय ऐकला, तेव्हाच तिने ओळखला. तो पाय ती जन्मापासून ऐकत आली होती.

"ते आवाज आपल्याच घरातले आहेत, धाकटे," दादा एकदा म्हणाला होता. "दाराआडून टेप केलेत." कोणाचे, असं विचारल्यावर त्याने विषय बदलला होता. शिक्षण अर्धवट टाकून तो घराबाहेर पडला तो पडलाच. पुढे धाकटीकडे जेवायला यायचा, चिमूला खांद्यावर घ्यायचा, पण मुक्कामाला एकदाही राहिला नाही. तिथे बाबा होते ना. आणखी काय कारण असणार?

दादासाठी तिला काही करता आलं नव्हतं. चिमूसाठी तिने आज केलं होतं.

ऑफिसात पोचते तोच गेम खेळून तपासणारा टेस्टर हसत सामोरा आला. "मॅडम, नव्या कन्सोलवर तुमच्या राक्षसाचं पोर झालंय!"

तिने कोड उघडला. चूक तिचीच होती. जुन्या कन्सोलवर दादाचा गेम हे सगळे आवाज निम्म्या वेगाने वाजवायचा, म्हणून ते जाड आणि घोगरे व्हायचे. वेग कमी करणारी ती एक ओळ नव्या यंत्रासाठी लिहायची राहून गेली होती, त्यामुळे आवाज टेपवर भरले होते त्याच वेगाने वाजत होते.

"दोन मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली.

"आधी ऐका तर. धमाल आहे."

तिने हेडफोन लावला. जड पावलं आता जड नव्हती. अनवाणी, हलकी, लहान पावलं होती. दारावर काहीतरी लोखंडी घासलं गेलं. मग गुरगुरीच्या जागी एका लहान मुलीचा आवाज आला, झोपेतला, सपाट.

"दादा, दार उघड. मी कात्री आणलीये. दार उघड, दादा."

मागून लंगडा पाय घाईघाईने फरफटत आला. बाबांचा आवाज तरुण होता.

"चल बाळा, झोपायला चल. दे बरं ती माझ्याकडे." आणि मग दाराला तोंड लावून, हळूच, "उद्या तिला काही बोलू नकोस हं. तिला काही म्हणजे काही आठवत नाही."

"कोण हो ही पोरगी?" टेस्टरने विचारलं.

धाकटीने हेडफोन काढून ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. चिमू सकाळच्या शाळेतून येऊन शेजारच्या काकूंकडे बसली होती.

"आई, आज खुर्ची नाही लावली तर चालेल ना? आता कोण येणार दाराशी?"

"चिमू, नीट ऐक. मी आजोबांना परत आणायला चाललेय. आज तू काकूंकडेच झोप, आणि दाराला आतून कडी लावायला सांग त्यांना."

"आणि तुम्ही आलात की?"

"आजोबांचा आवाज आला तर उघड," धाकटी म्हणाली. "मी एकटीच आले, तर कितीही हाका मारल्या तरी उघडू नकोस."