पट्टीची टकटक

पुस्तकं बांधणाऱ्या बापाची कामाची खोली आणि लेकीची खोली यांच्यात फळ्यांची एक पातळ भिंत होती. रोज संध्याकाळी पलीकडे तिचं व्हायोलिन सुरू व्हायचं आणि अलीकडे खळ लावता लावता बापाचा हात मंद व्हायचा. मध्येच कधी तो लाकडी पट्टीनं भिंतीवर दोनदा टकटक करायचा, आणि लगेच व्हायोलिन थांबायचं. दमली असेल पोर, असं म्हणून तोही पुन्हा कामाला लागायचा.

लेकीला हवी तशी, मुख्य विषय गणित आणि जोडविषय संगीत, अशी सोय दोनच कॉलेजांत होती. एक घरापासून चार थांब्यांवर, दुसरं दिवसभराच्या प्रवासावर. बापानं जवळच्या कॉलेजचा अर्ज भरून फक्त सहीपुरता ठेवला होता.

"बाबा, मी लांबच्याच कॉलेजात जाते," लेक म्हणाली. "तिथल्या सरावाच्या खोल्यांतून आवाज बाहेर जात नाही."

"मग इथं काय वाईट आहे गं?"

"भिंतीला वण पडलेत, तुमच्या पट्टीचे!" ती हसत म्हणाली, पण नजर जमिनीवर होती. "सात वर्षं माझी कटकट सोसलीत. आता सुटलात एकदाचे."

बापानं जवळच्या कॉलेजचा अर्ज बाजूला सारला. तिनं पुढे केलेल्या लांबच्या कॉलेजच्या अर्जावर त्यानं सही केली.



ती गेली त्या संध्याकाळी त्यानं मुक्या भिंतीवर पट्टीनं दोनदा टकटक केली, आणि इतकी वर्षं न सांगितलेला त्या टकटकीचा अर्थ पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाला, "वा, पोरी!"