ढिगावरचा युक्तिवाद

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव, जुलै महिना. मॉरिशस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका मराठी वस्तीलगतचे उसाचे शेत. यापुढे ऊस यंत्राने कापायचा होता आणि त्यासाठी शेताच्या मधोमध असलेला काळ्या दगडांचा उंच ढीग हटवणे भाग होते. खाली बुलडोझर उभा होता. निवृत्त शिक्षक भिवाजी सावंत मात्र सकाळपासून ढिगावर येरझारा घालत होते. त्यांची वाक्ये तयार होती, पाय तेवढे ठरत नव्हते.

"ज्वालामुखीने पसरलेले हे दगड आपल्या पूर्वजांनी हातांनी वेचले, म्हणून या बेटावर साखर पिकली!" ते गरजले. "हे त्यांचे स्मारक आहे. आधी मला उचला!"

"गुरुजी, एका जागी बसा तरी, मग उचलतो," चालक वैतागून म्हणाला.

इतक्यात त्यांची थोरली बहीण काठी टेकत आली. भिवाजी शाळेत शिकत होते, त्या वर्षांत ती डोक्यावर टोपली घेऊन याच शेतातले दगड वाहत होती. तिला पाहताच त्यांना दहा हत्तींचे बळ आले.

"अक्का, तूच सांग यांना! यातले निम्मे दगड तुझे आहेत."

अक्काने वाकून एक दगड उचलला, तळहातावर तोलला आणि बाजूला टाकून दिला.

"माझे कसले? मुकादम ओरडायचा, म्हणून आणून टाकत होते," ती म्हणाली. "यातला एकही मी प्रेमानं ठेवलेला नाही, भिवा. उतर खाली."