खाडा

“आज कुणाकुणाला हाकलायचंय ते एकदाचं ठरव,” शेजारच्या खाटेवरून मावशी म्हणाल्या. “चौदा जणांना पोसायला तुझ्यात आता जीव नाही.”

लायब्ररीवाली हसली. डायलिसिसच्या वॉर्डात सगळे तिला याच नावाने ओळखायचे. चौदा म्हणजे तिच्या फोनमधल्या ब्लॉगांचे लेखक. डावा हात सुया टोचून यंत्राला बांधलेला, उजवा मोकळा. त्या मोकळ्या हातात फोन धरायचा आणि आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, रक्त धुऊन होईपर्यंत लोकांनी लिहिलेलं वाचायचं. तेही मोठ्याने. मावशींनी जन्मभर कपडे शिवले आणि त्यात डोळे घालवून बसल्या, म्हणून. पण हल्ली तासाभरातच लायब्ररीवालीच्या डोळ्यांपुढे अक्षरं हलायला लागायची, आणि एका तासात चौदा जण काही मावत नव्हते.

हाकलायचं कसं हे तिला चांगलं ठाऊक होतं. वाचनालयात दर वर्षी ती कपाटं उपसायची. तीन वर्षं कुणी घरी नेलं नाही ते पुस्तक काढायचं आणि ‘बाद’चा शिक्का मारायचा. तिथे तिने कुणाची गय केली नव्हती.

“यशाची दहा सूत्रं सांगणारा?”

“त्याला आधी घालव. अकरावं सापडलं की येईल परत.”

“हा दर वेळी माफी मागतो. बरेच दिवस लिहिता आलं नाही, म्हणे.”

“खाडे करणाऱ्यांचं काम नाही आपल्याकडे.”

खाडा हा इथला रोजचा शब्द. वजनकाट्यावर उभं करताना तंत्रज्ञ प्रत्येकाला बजावायचा, “खाडा चालणार नाही हं.” शाळेला खाडा चालतो, नोकरीला चालतो, लेकाच्या फोनचाही चालवून घ्यावा लागतो; या खाटेचा चालत नाही. एक दिवस चुकला की अंगावर सूज, दोन चुकले की धाप. त्यापुढचं कुणी बोलत नसे.

दहा नावं गेली. प्रत्येक ओळीनंतर तीन टिंबं देणारा कवी गेला. सासूच्या चुगल्या लिहिणारीला मात्र मावशींनी राखून घेतलं.

“आणि टाकीवाला?” लायब्ररीवालीने जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं.

टाकीवाला दुसऱ्या कुठल्याशा गावी, अशाच वॉर्डात, अशाच खाटेवर पडून लिहायचा. त्याच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची. ज्याला दिवसाकाठी मोजून चार पेले पाणी, तो माणूस नऊ वर्षं त्या टाकीवर लिहीत होता. गळका पाइप, वर बसणारे कावळे, दर वेळी झाकण लावायला विसरणारा कामगार. मंगळवार, गुरुवार, शनिवार. एकही खाडा नाही. “नऊ वर्षं!” मावशी बोटं उघडून म्हणायच्या. “मग आपण काय घोडं मारलंय? आपणही खेचू.” लायब्ररीवाली वरवर हसायची, पण तिचाही सगळा भरवसा त्या नऊ वर्षांवरच होता.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या मुलीने त्याच्या ब्लॉगवर दोन ओळी लिहिल्या. त्यानंतर काहीच आलं नाही. लायब्ररीवाली मात्र फोन डोळ्यांपुढे धरून टाकीवाला वाचतच राहिली. टाकीला निळा रंग दिला, पाइप दुरुस्त झाला, जे तोंडाला येईल ते.

मावशींनी चादरीच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

“दुसऱ्या हाताची टीप मला नुसतं बोट फिरवून कळते, पोरी,” त्या म्हणाल्या. “कधी गेला तो?”

तिने फोन खाली घेतला.

“तीन आठवडे झाले.”

“आणि मला निळा रंग वाचून दाखवलास.”

“तुम्हाला त्याचा आधार वाटायचा, मावशी.”

“मला?” मावशींनी मान वळवली. “मला एकटीला?”

यंत्र घरघरत राहिलं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. अंगातलं तेवढं पाणी गेलेलं चालण्यासारखं होतं. तिने उशीच्या खोळीला तोंड पुसलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, “नाव काढ त्याचं. गेलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवू नये.”

अंगठा नावावर अडून राहिला. इतकी वर्षं शिक्के मारले, पण असं कधी झालं नव्हतं. शेवटी तिने दाबलं. यादीत तीन नावं उरली. ती फोन उशाशी ठेवायला गेली.

“ठेवतेस काय? आज मंगळवार ना? वाच.”

“काय वाचू? आत्ता तर काढलं.”

“तुझी टीप जरा ढिली पडते. ते रंगबिंग नको. त्याला नव्याची हौस नव्हती. कावळे आण.” मावशींनी डोळे मिटून घेतले. “पण खाडा नको करूस.”

तिने फोन पुन्हा डोळ्यांसमोर धरला. पडदा काळा झाला होता. तो तिने तसाच राहू दिला.

“टाकीचं झाकण आज कुणीतरी आठवणीने लावून गेलंय,” ती वाचू लागली. “कावळे अजून वरच बसून आहेत.”