रिनाच्या मोबाईलवरचा ओटीपी

ओटीपी रिनाच्या मोबाईलवर गेला.

"शेवटी ब्याऐंशी हाय," प्रणित म्हणाला. वडसा बसस्टँडसमोर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आज तो लटारूभाऊंच्या नाट्यमंडळाच्या ऑफिसात त्यांचा लॅपटॉप उघडून बसला होता. "कोनाचा नंबर होय जी हा?"

लटारूभाऊंनी नंबर ओळखला. ओळखून भिंतीकडे पाहू लागले. भिंतीवरच्या पोस्टरात तेच होते, वकिलाच्या कोटात, बोट रोखून.

रिना मंडळाची प्रॉम्प्टर. भाऊ येरझारा घालत नाटक सांगायचे, ती टाइप करायची. लॅपटॉपचं खातं उघडताना भाऊंचा मोबाईल चार्जिंगला होता, म्हणून तिनं आपला नंबर टाकला होता. दिवाळीनंतर गावोगावची माणसं नाटकांच्या तारखा ठरवायला वडस्यात उतरणार, आणि मागल्या आठवड्यात 'सवतीच्या अंगणात तुळस' हे नवंकोरं नाटक लॅपटॉपवरून नाहीसं झालं. स्क्रीन सारवल्यासारखा साफ. त्याच सुमारास रिना दुसऱ्या मंडळाच्या मॅनेजरसोबत चहा पिताना दिसली होती. भाऊंनी बेरीज केली. उत्तर आधीच ठाऊक असलं की बेरजेला आकडे लागत नाहीत. भर चौकात, सगळ्या मंडळांच्या बोर्डांखाली, त्यांनी तिला चोर म्हटलं. माईक नव्हता, त्यांना लागतही नाही. तेव्हापासून एकही मंडळ तिला दारात उभं करत नव्हतं. नाटक विकणारी प्रॉम्प्टर कोण ठेवणार?

"लावा फोन," प्रणित म्हणाला.

"तूच लाव ना गा."

"मी लावू? मले काय म्हनून ओटीपी देईन ते?"

भाऊंनी लावला. प्रणितनं हात लांबवून स्पीकर सुरू केला.

"रिना, मंडळातून बोलून राह्यलो."

"मंडळातून कोन?"

"लटारू." पोस्टरवर हे नाव हिरोइनीच्या नावाहून मोठं छापतात, इथं ते कसंबसं तोंडाबाहेर आलं. "तुह्या मोबाईलवर एक नंबर आला असन. तेवढा सांग."

"फोनवर ओटीपी कोनालेच सांगू नोका म्हनतेत जी. चोर फिरून राह्यले म्हने."

प्रणितला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात घातलं.

"मीच येऊन राह्यली," रिना म्हणाली.

ती आली. दारातच थांबली, चप्पल काढली नाही. आधीचा नंबर शिळा झाला होता, प्रणितनं नवा मागवला. तो तिनं प्रणितला वाचून दाखवला. भाऊ मध्ये बसले होते. तिनं त्यांच्या डोक्यावरून वाचला.

स्क्रीनवर फाइली उतरू लागल्या. 'सवतीच्या अंगणात तुळस', पहिला अंक. दुसरा. तिसरा.

"कुठीच गेलं नव्हतं जी," प्रणित म्हणाला. "क्लाउडवर होतं. इथून उचलून तिकडे ठेवलं होतं."

"कोनं?" भाऊंच्या आवाजात अजून थोडी आशा होती.

"तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लॅपटॉपनं इचारलं, फाइली सुरक्षित ठेवू का. कोनीतरी हो म्हनलं. मंग जागा भरली, जागा भरली, अशी त्याची पिरपिर सुरू झाली, तं मागल्या आठवड्यात कोनीतरी ते बंदच करून टाकलं. बंद केलं तं इथलं खाली झालं. वरचं वरच राह्यलं."

'कोणीतरी' हे प्रणितचं सौजन्य. तान्ह्या पोळ्याला ऑफिस बंद होतं आणि किल्ली भाऊंच्या कमरेला. दुसरं मंडळ नाटक पळवेल या धास्तीनं ते त्या दिवशी एकटेच लॅपटॉप राखत बसले होते. लॅपटॉप 'सुरक्षित' म्हणाला, तेव्हा साऱ्या वडस्यात तोच एक आपला माणूस आहे असं त्यांना वाटलं होतं. पुढं त्याची पिरपिर बंद करणारेही तेच.

"रिनाबाई, बसा ना," भाऊ म्हणाले. ती 'बाई' झाली ती आत्ताच. "चहा सांगतो."

"नोको जी. मांगचाच पचला नाई अजून."

भाऊंनी टेबलावरचा टाचण्यांचा डबा डावीकडून उजवीकडे ठेवला. "चुकी झाली," ते डब्याला म्हणाले.

"इथी काऊन सांगून राह्यले भाऊ? इथी मले कोनी चोर नाई म्हनलं."

प्रणित फाइली पेनड्राइव्हवर घेत होता. त्या कामाला बघत बसावं लागत नाही, पण तो डोळे लावून बघत होता.

भाऊ उठले. चष्मा पुसला, शर्टाच्या बाह्या खाली केल्या, परत वर केल्या. मग चालू लागले. रिना मागोमाग.

चौकात पानठेल्यावर दोन मंडळांचे मॅनेजर होते, पोह्याच्या प्लेटी घेतलेले नट होते, तारखांची चौकशी करायला लवकर आलेली एका गावची माणसं होती. लटारूभाऊ आणि मागं रिना, असं पाहून सगळ्यांचे चमचे थांबले. दुसरा अंक फुकटात सोडणारं गाव नाही हे.

भाऊ त्याच जागी उभे राहिले. सवयीनं हात वर गेला. तोंड उघडलं.

काही आलं नाही.

"बोला ना भाऊ!" पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं.

हात वरच राहिला. मानेवरून घाम कॉलरीत उतरू लागला. रिना मागं उभी होती. ही मान अशी अडलेली तिनं विंगेतून पाहिली होती. ती अर्धं पाऊल पुढं सरकली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली,

"रिना चोर नाई."

भाऊंचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

तिनं ओळ पुन्हा दिली, जरा वरच्या आवाजात.